टाकीला शिट्टी असती तर

[दृश्य: पहाट. दिंडोरीचा रस्ता, क्रेट भरलेली पिकअप.]

फेब्रुवारी. नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची तोडणी जोरात आहे. ऊन चढायच्या आत क्रेट वायनरीत पोचायला हवेत. रस निघतो, स्टीलच्या टाकीत पडतो, त्यात यीस्ट सोडलं जातं. झाकण बंद.

आता आत काय चाललंय? तापमान पडद्यावर दिसतं. पण साखर किती उरली, अल्कोहोल किती झालं, यीस्ट किती वाढलं, हे सांगणारा सेन्सर बहुतेक टाक्यांत नसतोच.

[दृश्य: नळाखाली काचेचा उभा जार.]

मग नमुना काढायचा, त्यात हायड्रोमीटर सोडायचा: रसाची घनता, म्हणजे साखरेचा अंदाज, दाखवणारी तरंगती काचेची नळी. हे जवळून बघा: बुडबुडे त्या नळीला चिकटतात, हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि आकडा चुकतो. म्हणून आधी ढवळून वायू घालवायचा. दिवसातून एक-दोनदा हे जमतं. रात्रीचं काय?

घरी कुकरमधली डाळ तरी कुठे दिसते? तीन शिट्ट्या झाल्या की आई गॅस बंद करते. सॉफ्टवेअर सेन्सर, म्हणजे जे थेट मोजता येत नाही ते मोजता येणाऱ्या गोष्टीवरून काढणारा प्रोग्राम, हेच करतो, गणिताने.

टाकीची शिट्टी म्हणजे कार्बन डायऑक्साइड. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबलं की ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू, हा कागदावरचा हिशेब. थोडी साखर यीस्ट स्वतःच्या वाढीला घेतं, तेवढं धरायचं. बाहेर पडणारा वायू सतत मोजत राहिलं, की आतली साखर उलट्या हिशेबाने सापडते.

पण डाळ जुनी असली तर तीन शिट्ट्या पुरत नाहीत. यीस्टचंही तसंच. रसात नत्र कमी पडलं, गारवा जास्त झाला, की ते मंदावतं. समीकरण मात्र पुढे धावत राहतं. खरं कसब इथे आहे. गणित म्हणतं, आता एवढा वायू यायला हवा. आला कमी. त्या फरकाच्या प्रमाणात अंदाज मागे ओढायचा, आणि हे क्षणोक्षणी करत राहायचं. गणितावर किती विसंबायचं आणि मोजमापावर किती, हे ठरवण्याची रीत अभियंते रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या दिशादर्शनात तीच वापरली गेली.

[दृश्य: रात्र. पडद्यावर वायूची रेघ.]

रेघ सपाट होत चाललीय. हिशेब म्हणतो, साखर अजून बाकी आहे. म्हणजे यीस्ट अडलंय. सकाळपर्यंत थांबून चालणार नाही. वाइनमेकर टॉर्च घेऊन टाकीकडे निघालाय, दुसऱ्या हातात तोच काचेचा जार.