पेटीतली वही

श्रोतेहो, नमस्कार.

पुस्तकांनी वाचकाच्या दारी जावे, ही बडोद्याची जुनी रीत आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले, आणि जिथे ग्रंथालय काढणे शक्य नव्हते त्या गावांकडे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या रवाना होऊ लागल्या. या फिरत्या पेट्यांची आठवण ठेवून आम्ही काही शिक्षकांनी गेल्या वर्षी एक छोटा उद्योग केला. पेटीत नाना तऱ्हेची पुस्तके भरण्याऐवजी एकाच कादंबरीच्या बारा प्रती ठेवल्या, त्यांच्यासोबत एक दोनशे पानी वही ठेवली, आणि ती पेटी शहरातील तीन शाळांच्या नववीच्या वर्गांतून फिरवली. एक शाळा मराठी माध्यमाची, दुसरी गुजराती माध्यमाची आणि तिसरी इंग्रजी. वाचणारी मुले मात्र सगळी मराठी घरांतली. कादंबरी होती मिलिंद बोकील यांची २००४ साली प्रसिद्ध झालेली ‘शाळा’. तिचा निवेदक मुकुंद जोशी हाही नववीतच आहे, तेव्हा वयाचा मेळ आपोआप बसला.

आरंभीच एक कबुली देतो. वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतः विषयांची एक छापील यादी चिकटवली होती : मैत्री, किशोरवय, शिस्त, पहिले प्रेम, पालकांशी संबंध. मुलांना दिशा मिळावी हा हेतू होता. परिणाम असा झाला, की पहिल्या फेरीत तीस-चाळीस पाने एकाच सुरात भरली. ‘या कादंबरीतून आपल्याला मैत्रीचे महत्त्व कळते’ हे वाक्य किती जणांनी लिहिले ते मी मोजायचेही सोडून दिले. परीक्षेत आशय स्पष्ट करायला सांगितल्यावर मुले जे लिहितात तेच त्यांनी इथेही लिहिले होते, कारण वाचणारा कोणी मास्तरच असणार, असे त्यांनी गृहीत धरले होते. वही दुसऱ्या शाळेत गेली, तेव्हा अशाच एका वाक्याखाली कोणीतरी पेन्सिलने दोनच शब्द लिहिले : ‘कुठल्या पानावर?’ या दोन शब्दांनी जे साधले ते माझ्या यादीला साधले नव्हते. तेव्हापासून आधी पृष्ठक्रमांक, मग त्या पानावरचे वाक्य आणि मग आपले म्हणणे, असा नियम मुलांनीच ठरवून टाकला. यादीवर मी गुपचूप कोरा कागद डकवला.

सर्वांत जास्त पाने शिरोडकर या मुलीने घेतली. मुकुंदचे मन तिच्यात गुंतलेले आहे, आणि कादंबरीत वर्गातल्या मुलींचा उल्लेख आडनावानेच होतो. मराठी माध्यमाच्या मुलांना यात काहीच वावगे वाटले नाही. गुजराती शाळेतल्या मुलांना मात्र ते फार खटकले, कारण त्यांच्या कानांना मुलीच्या नावापुढे ‘बेन’ ऐकण्याची सवय. आडनावाने हाक मारली की अंतर राहते की सलगी होते, यावर मग जवळजवळ महिनाभर वाद चालला. एका मुलाने लिहिले, की आडनाव घेणे ही मुलांची सोय आहे, कारण नाव घेतले की लगेच चिडवाचिडवी सुरू होते. त्यावर इंग्रजी शाळेतल्या एका मुलीने वादाचे टोकच बदलले. कादंबरी मुकुंदच्या तोंडून येते, म्हणून शिरोडकर काय करते ते आपल्याला दिसते, पण तिच्या मनात काय चालले आहे हे तिला स्वतःला कधीच सांगता येत नाही, असे तिचे म्हणणे. तेवढ्यावर न थांबता तिने एक प्रसंग शिरोडकरच्या बाजूने लिहून काढला. तो वाचून मराठी शाळेतल्या दोन मुलांनी तक्रार केली, की ही शिरोडकर मुकुंदकडे जवळपास पाहतच नाही. मुलीचे उत्तर एका ओळीचे होते : ‘मला ती तशीच दिसली.’ प्रथमपुरुषी निवेदनाची मर्यादा मी फळ्यावर अनेक वर्षे शिकवत आलो आहे. ती इतकी नेमकी मला एकदाही सांगता आलेली नाही.

दुसरा मोठा विषय आणीबाणीचा. कादंबरीचा काळ तोच आहे. पहिल्या फेरीत बहुतेकांनी ‘ही पार्श्वभूमी आहे’ एवढे लिहून तो विषय मिटवला होता. मग गुजराती शाळेतल्या एका मुलाने घरी आजोबांना विचारले, आणि वहीत चार पाने भरून माहिती आली. आणीबाणी लागली त्या २५ जून १९७५ च्या आठवडाभर आधीच गुजरातेत बाबूभाई पटेलांचे जनता मोर्चाचे सरकार आले होते, त्यामुळे मार्च १९७६ मध्ये ते जाईपर्यंत इकडची हवा देशातल्या इतर भागांइतकी कोंदट नव्हती. समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर आणीबाणीत झालेला तो गाजलेला खटला आपल्याच शहराच्या नावाने, बडोदा डायनामाइट खटला म्हणून, ओळखला जातो. आणि त्याआधीचे नवनिर्माण आंदोलन अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील खानावळीच्या बिलावरून पेटले होते. या शेवटच्या गोष्टीने मुले चकित झाली. जेवणाच्या बिलावरून विद्यार्थी उठले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्र्यांना जावे लागले, हे त्यांना पाठ्यपुस्तकात तरी कोणी सांगितले नव्हते.

या माहितीनंतर चर्चेचा नूर पालटला. वर्गात मुलांना मास्तरांची भीती वाटते आणि बाहेर मोठ्या माणसांना सरकारची भीती वाटते, या दोन भीती एकच आहेत का, असा प्रश्न एकीने मांडला. मास्तरांची भीती घंटा झाली की संपते, असे एकाने लिहिले. त्यावर तिसऱ्या शाळेतून उत्तर आले, की मास्तर घरी येत नाहीत, पण गुणपत्रिका येते.

वहीच्या भाषेबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. गुजराती लिपीला शिरोरेषा नसते, म्हणून त्या शाळेतली मुले घाईत मराठी लिहू लागली की अक्षरांवरची रेघ गळते, आणि ओळी डोक्यावरचे छप्पर उडालेल्या घरांसारख्या दिसतात. मराठी शाळेतल्या मुलांनी सुरुवातीला लाल पेन घेऊन त्या रेघा ओढून दिल्या. पुढे पुढे वाद रंगत गेला तशा त्या ओढायच्या राहून गेल्या.

आणीबाणीची माहिती देणाऱ्या आजोबांनी मध्यंतरी नातवाकडून वहीच मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने दीड पान लिहिले. ते पान पुढच्या शाळेत पोहोचले, आणि परत आले तेव्हा समासात ठळक अक्षरांत टिपण होते : ‘आजोबा, पृष्ठक्रमांक लिहिलेला नाही.’ आजोबांनी आता पेटीतली एक प्रत वाचायला नेली आहे.

नमस्कार.