मेडिकलमधला क, मेडिसिनमधला स

नमस्कार, श्रोतेहो.

नागपुरात ऑटोवाल्याला नुसतं 'मेडिकल' म्हटलं की तो सरळ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी नेऊन सोडतो. आत गेल्यावर आपण शोधतो मेडिसिनची ओपीडी. दोन्ही शब्दांचं मूळ एक, स्पेलिंगमधलं 'सी' हे अक्षरही तेच, पण एकदा त्याचा उच्चार क आणि एकदा स. घरचं वायरिंग बिघडलं की तिसरी गंमत. इलेक्ट्रिक, इलेक्ट्रिसिटी आणि दुरुस्तीला येतो तो इलेक्ट्रिशियन! क, स आणि श.

इंग्रजीला काही ताळतंत्रच नाही, असं पोरं म्हणतात. मराठी माणसानं तरी ही तक्रार करू नये. आत्ता मोठ्यानं म्हणून पाहा: माझा भाऊ, माझी बहीण. 'माझा' म्हणताना जीभ दातांच्या मुळाशी टेकते, 'माझी' म्हणताना मागे टाळूकडे सरकते. लिहितो मात्र दोन्हीकडे एकच झ. ई हा टाळूजवळचा स्वर, तो शेजारच्या व्यंजनाला आपल्याकडे ओढून घेतो. मेडिसिनमधल्या सीलाही पुढच्या 'आय' या अक्षरानंच ओढलं. फक्त ही ओढाताण लॅटिनमधून फ्रेंच घडताना झाली आणि इंग्रजीनं ते शब्द आयते उचलले.

आता स्वरांकडे या. नेशन, पण नॅशनल. डिव्हाइन, पण डिव्हिनिटी. शब्दाला शेपूट लागलं की आतला दीर्घ स्वर आखडतो. आपल्याकडे दूध, पण दुधात. जमीन, पण जमिनीवर. अगदी हाच प्रकार! मग आपला ऊ आखडून उ होतो आणि त्यांचा 'आय' आखडून एकदम 'इ' कसा? तर मध्ययुगीन इंग्रजीत डिव्हाइनचा उच्चार 'दिवीन'च्या जवळपास होता. ई आणि इ, सरळ दीर्घ-ऱ्हस्व जोडी. पुढे साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर जागचे हलले, ईचा 'आय' झाला. ऱ्हस्व बहुतेक होते तिथेच राहिले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी या उलथापालथीला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' म्हटलं. ती चालू असतानाच, 1476 साली, विल्यम कॅक्स्टन या मुद्रकानं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, उच्चार पुढे निघून गेले.

अपवाद दोन्हीकडे आहेत. आपलं 'शरीर' विभक्ती लागली तरी 'शरीरात' असं दीर्घच राहतं, आणि त्यांचं ओबीस हे 'ओबीसिटी'तही ई सोडत नाही. लठ्ठपणा असा सहजासहजी आखडतो थोडाच!

साइन आणि सिग्नेचर, बॉम (आपण म्हणतो बॉम्ब) आणि बॉम्बार्ड, ही मुक्या अक्षरांची मंडळी. मूळ शब्दात गप्प बसलेला जी किंवा बी पुढच्या शब्दात बोलू लागतो, एवढंच.

आपल्याला खरं जड जातं ते आघाताचं, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा त्याचं. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोरानं म्हणतो, म्हणून नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या प्रत्येक स्टुडिओत 'फोटोग्राफी'च होते. खुशाल होऊ द्या, इथं कुणाचं काही अडत नाही. पण इंग्रजी बातम्यांत 'फटॉग्रफी' आलं तर ते कानाला ओळखू आलं पाहिजे. इंग्रजीत जोर सरकला की बिनजोराचे स्वर विरून नुसता पुसट अ उरतो. टेबलावर बोटानं ठोका देत म्हणा: 'फोटोग्राफ'ला पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफी'ला दुसऱ्यावर, 'फोटग्रॅफिक'ला तिसऱ्यावर.