काकींचा पाट

(दृश्य: सकाळ. झिमझिम पाऊस. जांभ्याची पाखाडी, तिच्यावरून ओघळणारं पाणी.)

ही पाखाडी ६२ पायऱ्यांची. राजापूर तालुक्यातलं गाव. खाली डांबरी रस्ता, मध्ये पोफळीचं आगर, वर काकींचं घर. जांभ्याच्या या पायऱ्यांत एकीसारखी दुसरी नाही. एखादी वीतभर उंच, पुढची त्याच्या दीडपट. आषाढ सरेपर्यंत सगळ्यांवर शेवाळ धरतं.

काकींच्या दोन्ही पायांतली ताकद लहानपणीच पोलिओने नेली, उजव्यातली जास्त. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला. पण त्याआधी ज्यांना पोलिओने गाठलं, ती माणसं आज संसार करताहेत, शेती करताहेत. त्यांची रोजची अडचण २०११ साली संपली नाही.

काकींना एका शिबिरात तीनचाकी सायकल मिळाली. सायकल चांगली आहे, बाजारपेठेच्या सपाट रस्त्यावर झकास चालते. पण ती ६२ पायऱ्या चढून येत नाही. सोबत ॲल्युमिनियमची कुबडी मिळाली. तिची उंची कमी-जास्त करायचं बटण खाऱ्या हवेने दुसऱ्या पावसाळ्यात गंजून बसलं. शिबिरात काकींच्या उंचीचं माप घेतलं होतं, तेही हॉलच्या गुळगुळीत फरशीवर उभं करून. दिवसभर तुम्ही काय करता, कुठून कुठे जाता, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारलं वाडीतल्या सुताराने.

(दृश्य: स्वयंपाकघर. काकी विळीवर नारळ खवताहेत.)

काकींचं सगळं काम जमिनीवरचं. चुलीपासून मोरीपर्यंत त्या हातांवर सरकत जायच्या. तळहातांना घट्टे पडलेले. सुताराने फणसाच्या लाकडाचा पाट केला आणि त्याला चार चाकं लावली. काकी बसल्या, विळी पुढे ओढली, नारळाला जोर दिला आणि पाट मागे पळाला.

"अरे, मला यावर बसून जत्रेला नाही जायचं. मला नारळ खवायचाय," त्या म्हणाल्या.

चाक हवं सरकताना. खवताना, चिरताना, भाकरी थापताना पाट जागचा हलता कामा नये. आणि ब्रेकचा दांडा ओढायला हात मोकळा कुठे असतो? तोड काकींनीच सांगितली. काम करताना मी पुढे वाकते, सरकताना मागे रेलते. मग चाकं मागेच लाव, पुढे नुसता ठोकळा ठेव.

(दृश्य: पाट उलटा करून दाखवलेला. सुताराचं बोट चाकावर.)

पाहा. पुढे दोन ठोकळे, त्यांच्या तळाला जुन्या टायरचं रबर. पुढे वाकलं की भार ठोकळ्यांवर येतो, रबर जमीन धरतं. मागे रेललं की ठोकळे उचलले जातात आणि पाट चाकांवर येतो. चाकं आधी अगदी मागच्या कडेला होती, तेव्हा रेलायला फार जोर लागायचा. ती चार बोटं पुढे घेतली, तर काकी एकदा मागे कलंडल्या. डोकं भिंतीवर आपटता आपटता राहिलं. म्हणून शेपटासारखं हे तिसरं छोटं चाक. लोखंडी बेअरिंगची चाकं जाम झाली, आता नायलॉनची आहेत. इतकं जमून यायला उन्हाळा आणि अर्धा पावसाळा गेला, आणि प्रत्येक वेळी पाट काकींनी आठ-आठ दिवस वापरून पाहिला.

उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. काकी रोज बसतात, पाय हातांनी उचलून पलीकडे ठेवतात. तिथे, माजघरात, दुसरा पाट तयार असतो.

वापरणाऱ्याचं जगणं पाहून वस्तू घडवायची ही रीत आपल्याला नवी नाही. १९६८ साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. तोवर मिळणारा परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालूनच वापरावा लागे. त्यावर उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चिखलात उतरता येत नसे. रबर, लाकूड वापरून केलेला हा नवा पाय हे सगळं करू देत होता, कारण तो घडताना समोर इथलं जगणं होतं. आमच्या मते त्यातली सगळ्यात मोठी करामत हीच.

अपंगांच्या हक्कांचा २००६ सालचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली स्वीकारला. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. पण एकाच प्रकारात मोडणाऱ्या दोघींची घरंसुद्धा सारखी नसतात. शिवाय या किनाऱ्यावर वर्षाला ३ हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. कुबडी धरलेल्या हाताने छत्री कशी धरायची? शेतात लावणीला वाकणाऱ्या बायका पूर्वी इरलं घेत, पाठ झाकलेली आणि दोन्ही हात मोकळे. काकी हल्ली सुताराला त्याच इरल्याबद्दल विचारतात, प्लॅस्टिकच्या कापडाचं, हलकं, डोक्यावरून वाऱ्याने उडणार नाही असं.

(दृश्य: पुन्हा पाखाडी. पाऊस थांबलेला. सुताराच्या हातात टेप.)

आज मात्र काम कठड्याचं आहे. काकी सतराव्या पायरीवर बसल्यात. सुतार उजव्या बाजूला खूण करायला वाकतो.

"तिकडे नको, डावीकडे घे. उतरताना उजव्या हातात कुबडी असते."

"मग काकी, चढताना?"

"चढताना कुबडी मी हात बदलून धरीन. भीती उतरतानाच असते." त्या डावा हात पुढे करून हवेतच मूठ वळतात. "इथे येऊ दे पाइप. बघ, एवढ्यावर."

सुतार टेप लावतो.