अब्रूसाठी शिक्षेत सूट

फिलिपिन्समध्ये गर्भपात हा गुन्हा का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: देश कॅथलिक आहे म्हणून. हे उत्तर अपुरं आहे. त्यांच्या दंडसंहितेचं कलम 258 वाचा. स्वतः गर्भपात करणाऱ्या किंवा करवून घेणाऱ्या बाईला 2 वर्षं 4 महिने 1 दिवस ते 6 वर्षं तुरुंगवास. पण बेअब्रू लपवण्यासाठी तिने तो केला असेल, तर शिक्षा 6 महिने 1 दिवस ते 4 वर्षं 2 महिने इतकी खाली येते. गर्भ तोच, कृती तीच. कायद्याला फक्त गर्भाचा जीव जपायचा असता, तर ही सूट कशासाठी? चार पोरं पदरात असलेली, पाचवं पोसण्याची ऐपत नसलेली बाई पुरी शिक्षा भोगेल आणि घराण्याचं नाव राखणारीला सवलत मिळेल. हा कायदा गर्भाइतकीच कुटुंबाची अब्रू जपतो.

ही भाषा आली स्पेनच्या 1870 च्या दंडसंहितेतून. ती फिलिपिन्समध्ये 1887 साली लागू झाली. 1898 मध्ये स्पॅनिश गेले, अमेरिकन आले. 1930 मध्ये संहिता नव्याने लिहिली गेली आणि 1932 पासून अमलात आली, पण अब्रूच्या कलमांचा गाभा तोच राहिला. खुद्द स्पेनने 1985 मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा दिली आणि 2010 मध्ये 14 आठवड्यांपर्यंत बाईच्या इच्छेवर सोडला. ज्यांनी हा कायदा लादला ते मोकळे झाले, ज्यांच्यावर लादला ते अजून त्यालाच आपली परंपरा म्हणतात.

याच संहितेतली आणखी दोन ठिकाणं पाहा. जोडीदाराला परपुरुषाबरोबर किंवा परस्त्रीबरोबर प्रत्यक्ष पकडून तिथल्या तिथे ठार मारलं, तर कलम 247 प्रमाणे शिक्षा फक्त हद्दपारी, म्हणजे ठरावीक ठिकाणापासून 25 ते 250 किलोमीटर दूर राहणं. हीच मुभा आईबापांनाही आहे, पण घरात राहणाऱ्या 18 वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत. मुलाच्या बाबतीत नाही. दुसरं ठिकाण व्यभिचाराचं. विवाहित बाईचा एकदाचा संबंधही गुन्हा ठरतो. नवऱ्यावर मात्र गुन्हा सिद्ध करायचा तर त्याने दुसऱ्या बाईला राहत्या घरात ठेवलं, दुसरीकडे तिच्याबरोबर बिऱ्हाड केलं, किंवा चारचौघांत बोभाटा होईल असे संबंध ठेवले, यातलं काहीतरी दाखवावं लागतं. शिक्षाही तिच्यापेक्षा कमी. आपल्याकडचं कलम 497 वरवर याच्या उलट होतं. त्यात बायकोला शिक्षाच नव्हती आणि नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नव्हता. पण बायको ही नवऱ्याची मालमत्ता, ही समजूत दोन्हीकडे एकच. आपलं कलम 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, त्यांचं अजून आहे.

अब्रूच्या जोडीला असलेला वंशभेद अमेरिकन काळात उघडा पडतो. मनिलातल्या वेश्यांची गुप्तरोगांसाठी तपासणी लष्कराने सुरू केली ती गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यासाठी. पुढे सुबिकच्या नाविक तळाशेजारी ओलोंगापोत बारमधल्या मुलींना ठरावीक मुदतीने तपासणी करून आरोग्यकार्ड बाळगावं लागे. रोग बाईकडूनच पसरतो, हे गृहीतच धरलेलं होतं. सैनिकांबरोबरच्या संबंधांतून मुलं झाली. 1982 मध्ये अमेरिकेने आशियातल्या अशा मुलांसाठी स्थलांतराचा कायदा केला. त्यात कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड होते, फिलिपिन्स नव्हता. अब्रूसाठी एवढा जागरूक असलेला कायदा या बायकांच्या आणि मुलांच्या वाट्याला कधी आला नाही.

आज प्रत्यक्षात काय घडतं? मनिलाच्या कियापो चर्चभोवतीच्या टपऱ्यांवर पाळी आणणाऱ्या काढ्यांच्या बाटल्या विकल्या जातात. काही जणी सुईणीकडून पोट जोरात दाबून घेतात, त्यातून आतला रक्तस्राव होतो. मिसोप्रोस्टॉल ही गर्भपात घडवणारी गोळी चोरट्या बाजारातून येते. गोळी खरी की बनावट कळत नाही, किती आठवड्यांना किती घ्यायची हे सांगणारं कुणी नसतं. मात्रा चुकली की गर्भाचा काही भाग आत राहतो, ताप येतो, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. बाई पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात उशिरा पोचते. गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीवर माणुसकीने, दोष न देता उपचार करावेत, असं 2012 चा प्रजनन आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो. तरी कुणाकडून करवून घेतलंस, या प्रश्नाने तपासणी सुरू झाली, तर ती खोटी माहिती देणार आणि उपचार चुकीच्या दिशेने जाणार. गर्भपिशवी साफ करायला हाताने चालवायचं निर्वात उपकरण पुरतं. ते नसलं की धारदार क्युरेटने खरवडतात, त्यात पिशवीला भोक पडण्याचा धोका जास्त.

2012 च्या कायद्याने नवऱ्याच्या संमतीशिवाय नसबंदीची वाट उघडली होती. एप्रिल 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला, पण ही तरतूद काढून टाकली. म्हणजे चार बाळंतपणं झालेल्या बाईला नळ्या बांधून घ्यायच्या असतील, तर नवऱ्याची सही लागते.

आईचा जीव धोक्यात असेल तेव्हा गर्भपाताची मुभा दंडसंहितेत थेट लिहिलेली नाही. कलम 11 मध्ये मोठं नुकसान टाळण्यासाठी केलेल्या कृतीला गुन्हा न मानण्याची सोय आहे आणि वकील तिचा आधार घेऊ शकतात. पण हा बचाव खटला उभा राहिल्यावरचा. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येणारी बाई समोर असताना डॉक्टरला खटल्याआधीची खात्री हवी असते. म्हणून माझं मत असं की गर्भपाताविषयीची कलम 256 ते 259 रद्द व्हायची वाट न बघता, कोणत्या अवस्थेत कलम 11 लागू होतं याची नावनिशीवार यादी आरोग्य खात्याने आणि सरकारी वकिलांनी मिळून आधी जाहीर करावी.