नळीवरचा शिक्का आणि कपाटातलं कार्ड

(दृश्य : कोल्हापूरजवळची शिरोली औद्योगिक वसाहत, सकाळ. पंपाची बॉडी पाण्याच्या दाबाखाली.)

शिरोलीत पंप बनवणाऱ्या शेडमध्ये हे रोजचं काम. नवी कास्टिंग, दोन्ही तोंडं बंद, आत पाणी भरलेलं. गेजचा काटा वर चढतोय. कामगाराचं लक्ष मात्र गेजवर नाही. तो बॉडीच्या कडेनं बोट फिरवतोय, कुठं ओल लागते का बघायला. शेतात पंपावर जेवढा दाब येणार, त्याच्या दीडपट दाब इथं दिला जातो. ही हायड्रो टेस्ट. यातून पास झालेला माल खोक्यात जातो, आणि वर एक कार्ड ठेवलं जातं : वॉरंटी, १२ महिने.

टेस्ट वेगळी आणि कार्ड वेगळं, हे कारखान्यांच्या उद्यमनगरातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण तोच माणूस परवाना हातात घेऊन बंदुकीच्या दुकानात उभा राहिला की विचारतो, वॉरंटी किती वर्षांची?

(दृश्य : राधानगरीचा रस्ता, उसाचे फड, रात्र.)

कोल्हापुरात हा प्रश्न हौसेचा नाही. राधानगरी, भुदरगड, चंदगड या भागांत रानडुक्कर आणि गवा शेतात उतरतात. पीक संरक्षणाच्या परवान्यावर घरात एखादी बारा बोअरची बंदूक असते. वर्षातून चार-दोन रात्रीच ती बाहेर निघते, आणि त्या रात्री बार उडालाच पाहिजे. न उडालेलं काडतूस घेऊन दुसऱ्या दिवशी दुकान गाठता येईल. रात्र मात्र गेलेली असते.

मग वॉरंटी नेमकं काय सांगते? ते बघायला अमेरिकेत जावं लागतं, कारण वॉरंटीवर बंदूक विकायचा धंदा तिथं खूप वाढलाय.

हाय-पॉइंट हे तिथलं स्वस्तातलं पिस्तूल, आणि त्याला वॉरंटी आयुष्यभराची. ग्लॉक हे पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं चाचण्या घेऊन निवडलं, आज कितीतरी देशांच्या पोलिसांच्या कमरेला ते आहे. त्याची तिथली वॉरंटी एका वर्षाची. रुगर या अमेरिकी बंदूक कंपनीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९७५ साली अमेरिकेत वॉरंटीचा कायदा झाला. लेखी वॉरंटी द्यायची तर कायद्याच्या अटी पाळा, असा त्याचा अर्थ. रुगरनं ठरवलं की लेखी वॉरंटीच द्यायची नाही, आणि तसं सरळ जाहीरही केलं. म्हणून त्यांच्या रायफली वाईट ठरल्या नाहीत. बिघडलेला माल कंपनी दुरुस्त करून देत राहिली.

आता उलट बाजू बघा. ब्राझीलच्या टॉरस या बंदूक कंपनीनं आयुष्यभर फुकट दुरुस्तीचं वचन अनेक वर्षं जाहिरातीत मिरवलं. त्याच कंपनीच्या ९ मॉडेलच्या पिस्तुलांवर अमेरिकेच्या कोर्टात दावा झाला. पिस्तूल हातातून पडलं तर गोळी सुटते, ही तक्रार. २०१५ मध्ये कंपनीनं आरोप मान्य न करता तडजोड केली. पिस्तुलं होती सुमारे १० लाख.

हिशेब साधा आहे, आणि आपल्या फाउंड्रीवाल्यांना तो पाठ असतो. बहुतेक बंदुका आयुष्यात जेमतेम काही डबे काडतुसं बघतात, बाकी काळ कपाटात असतात. जी वापरलीच जात नाही, ती बिघडून परत येणार किती? मग आयुष्यभराचा शब्द देणं कारखान्याला महाग पडत नाही. वॉरंटीत बिघाडाच्या खर्चाचा अंदाज असतो, आणि तो अंदाज वापरावर बसवलेला असतो. शिवाय बारीक अक्षरं असतातच : घरी भरलेली काडतुसं वापरली, आतला भाग बदलला, की वचन संपलं.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. अमेरिकेत मिक्सर सदोष निघाला तर ग्राहकांच्या सुरक्षेसाठी नेमलेला सरकारी आयोग तो बाजारातून परत घ्यायला लावू शकतो. बंदुका मात्र कायद्यानंच त्या आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. जी वस्तू हातात फुटली तर डोळा जाईल, तिच्याबाबत कारखान्याच्या शब्दावर एवढी भिस्त!

(दृश्य : जुनी दुनळी, नळ्या दस्त्यापासून उतरवलेल्या. कॅमेरा जवळ.)

या नळ्यांच्या पोटाशी बघा. नखाएवढे शिक्के आहेत. इंग्रजी बनावटीची जुनी दुनळी असेल तर लंडनचे किंवा बर्मिंगहॅमचे. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ चं. तिथं नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस भरून नळीची परीक्षा घेतात. आजच्या युरोपीय नियमात हा जादा दाब साधारण २५ ते ३० टक्के. म्हणजे शिरोलीची हायड्रो टेस्टच, पाण्याऐवजी बंदुकीच्या दारूनं. नळी टिकली तरच शिक्का बसतो. आपल्याकडंही शस्त्रांची अशी परीक्षा होते.

पण शिक्क्याकडूनही जास्त मागू नये. नळी फुटणार नाही एवढंच तो सांगतो. हजाराव्या वेळी चाप ओढल्यावर बार उडेल का, याचं उत्तर बार मोजूनच मिळतं.

(दृश्य : नेमबाजीचा सराव, १० मीटरची रेंज.)

ती मोजदाद करणारी माणसं याच मातीतली. २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेऊन आलेला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. या दर्जाचे नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवून काडतुसांचा एकेक लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला घाणा, तपासून घेतात. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा डबा, तरी एक लॉट गोळ्या एकाच भोकात घालतो आणि दुसरा पसरवतो.

एअर रायफलच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. हवा दाबून भरलेल्या त्या नळकांड्याचं वय १० वर्षांपर्यंत धरलं जातं. मुदत उलटलेली नाही ना, हे बघण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमानं नेमबाजावरच टाकली आहे. तारीख उलटली की सिलिंडर चकाचक दिसत असला तरी बाजूला जातो.

(दृश्य : जून. कौलांवर पाऊस.)

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. लोकसभेच्या वर्षी त्या परत येईपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. पावती देऊन बंदूक घरी आणायची, दाराशी उजेडात बसायचं, बिजागरीवर नळी खाली झुकवून आतून आभाळाकडं बघायचं. आतला चकचकीत गोल मध्येच कुठं तांबूस दिसला, की कपाटातल्या कार्डाकडं कुणी वळत नाही. नळी साफ करायचा गज काढायचा, चिंधीला तेल लावायचं, आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत नळीतून फिरवत राहायचं.