वीस क्रमांकाची गाडी

वीस क्रमांकाची ही शर्यतीची गाडी ‘जो गिब्ज रेसिंग’ या अमेरिकी संघाची आहे आणि तिच्या दारावरचा २० हा आकडा चालकाचा नसून संघाचा आहे. क्रिकेटपटू निवृत्त झाला की त्याच्या पाठीवरचा क्रमांकही कधीकधी त्याच्यासोबत निवृत्त केला जातो. नॅसकार या अमेरिकी संस्थेच्या स्टॉक कार (रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या) शर्यतींत मात्र चालक जातो, आकडा राहतो आणि दाराच्या वर, छताच्या कडेला, नवे नाव रंगवले जाते. या एका आकड्याखाली बदलत गेलेली नावे पाहिली, तर ज्येष्ठांच्या जागी तरुणांना करारबद्ध करण्याचा निर्णय हे संघ कसा घेतात, हे बरेचसे उलगडते.

१९९९ पासून ही गाडी टोनी स्ट्युअर्ट चालवत होता. याच गाडीतून त्याने २००२ आणि २००५ मध्ये कप मालिकेचे, म्हणजे नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेचे, विजेतेपद मिळवले. २००८ चा हंगाम संपल्यावर तो दुसऱ्या एका संघाचा सहमालक होण्यासाठी निघून गेला, आणि अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रशिक्षक म्हणून वॉशिंग्टनच्या संघाला सुपर बोल हा वर्षाचा अंतिम सामना तीनदा जिंकून दिलेल्या संघमालक जो गिब्ज यांनी ती जागा जोई लोगानो या अठरा वर्षांच्या मुलाला दिली. अठरा पूर्ण होईपर्यंत राष्ट्रीय मालिकांमध्ये उतरता येत नाही, या तेव्हाच्या नियमामुळे त्याला मे २००८ पर्यंत थांबावे लागले होते. पुढच्या फेब्रुवारीत तो थेट कप मालिकेच्या पूर्ण हंगामाला सामोरा गेला. जून २००९ मध्ये न्यू हॅम्पशरमधील लाउडन येथे पावसामुळे शर्यत मध्येच थांबली, तेव्हा इंधन पुरवून ट्रॅकवर टिकलेला लोगानो आघाडीवर होता. एकोणीस वर्षांच्या या मुलाच्या नावे कप मालिकेतील सर्वांत तरुण विजेता अशी नोंद झाली.

त्यानंतरच्या वर्षांत अपेक्षांचे ओझे वाढत गेले. स्ट्युअर्टला दोन विजेतेपदे मिळवून देणारा क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या तांत्रिक चमूचा प्रमुख, ग्रेग झिपाडेली हाच लोगानोलाही मिळाला होता, म्हणजे मुरलेल्या चालकाच्या भोवती उभी राहिलेली यंत्रणा नवख्याच्या हाती आली होती, आणि तिच्याकडून पहिल्यासारख्याच निकालांची वाट पाहिली जात होती. चार हंगामांत लोगानोला दोनच शर्यती जिंकता आल्या. २०१२ अखेर संघाने त्याला सोडले.

या गोष्टीतील पुढची अदलाबदल उलट्या दिशेची होती, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. बावीस वर्षांच्या लोगानोच्या जागी आला तो चाळिशीतला मॅट केन्सेथ, २००३ चा विजेता आणि डेटोना ५०० ही मालिकेतील सर्वांत मानाची शर्यत दोनदा जिंकलेला, विस्कॉन्सिनचा मितभाषी चालक. १० मार्च २०१३ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, त्याने लास व्हेगासची शर्यत जिंकली. त्या वर्षी एकूण सात शर्यती जिंकून तो मालिकेत दुसरा आला. तेव्हा संघाचा निर्णय अचूक वाटला होता. मात्र तिकडे पेन्स्के संघात गेलेल्या लोगानोने २०१५ ची डेटोना ५०० जिंकली आणि पुढे २०१८, २०२२ व २०२४ अशी तीन विजेतेपदे मिळवली. त्याला घडवण्याचा खर्च एका संघाने केला आणि त्याचे फळ दुसऱ्या संघाने खाल्ले.

लोगानो आणि केन्सेथ यांचे वैर मात्र ट्रॅकवरच पाहावे. ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅन्ससला आघाडीसाठी झुंजताना लोगानोने केन्सेथच्या गाडीला धक्का देऊन तिला गरकन फिरवले. दोन आठवड्यांनी मार्टिन्सव्हिलच्या जेमतेम अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, अनेक फेऱ्यांनी मागे पडलेल्या केन्सेथने आघाडीवर असलेल्या लोगानोला सरळ भिंतीवर नेऊन आदळले. नॅसकारने केन्सेथवर दोन शर्यतींची बंदी घातली, आणि त्या दोन शर्यतींत २० क्रमांकाची गाडी चालवायला संघाने एकोणीस वर्षांच्या एरिक जोन्सला बसवले. ज्याच्यामुळे आपली जागा धोक्यात यावी, त्याला तिथे पहिल्यांदा बसवण्याचे निमित्त केन्सेथने स्वतःच पुरवले, असे म्हणायला हरकत नाही.

२०१७ मध्ये प्रत्यक्ष पेच आला तो चार गाड्यांच्या मर्यादेमुळे. नॅसकारच्या तेव्हाच्या नियमानुसार एका संघाला कप मालिकेत चारच गाड्या उतरवता येत आणि गिब्ज यांच्या चारही जागा भरलेल्या होत्या. दरम्यान टोयोटाच्या पाठबळावर खालच्या मालिकांमधून तयार झालेला जोन्स डेन्व्हरच्या फर्निचर रो रेसिंग या सहयोगी संघाकडून वर्षभर कप मालिकेत खेळला होता, आणि त्याला कायमचे घर देणे भाग होते; म्हणून २०१८ पासून केन्सेथची जागा त्याला देण्याचे ठरले. २००८ च्या मंदीनंतर संपूर्ण हंगामाचा खर्च उचलणारे प्रायोजक कमी झाले होते आणि केन्सेथच्या गाडीवरचे डॉलर जनरलचे नावही २०१६ नंतर उतरले होते. अशा वेळी नव्या चालकाचा स्वस्त करार ही संघासाठी लहान गोष्ट नसते. त्याच सुमारास जेफ गॉर्डन, स्ट्युअर्ट, कार्ल एडवर्ड्स आणि धाकटा डेल अर्नहार्ट या नामांकित चालकांनीही निरोप घेतल्यामुळे या सगळ्याला पिढीबदल असे भारदस्त नाव मिळाले. माझ्या मते केन्सेथच्या बाबतीत वयापेक्षा खुर्च्यांची टंचाई आणि पैशाचा हिशेब अधिक निर्णायक होता.

नोव्हेंबर २०१७ मध्ये फीनिक्सला, निघून जाण्यापूर्वीच्या शेवटून दुसऱ्या शर्यतीत, पंचेचाळीस वर्षांच्या केन्सेथने दहा फेऱ्या उरल्या असताना चेस एलियटला मागे टाकले. गॉर्डनची जागा मिळालेला एलियट तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि कप मालिकेतील पहिल्या विजयाच्या शोधात होता. शर्यत जिंकल्यावर केन्सेथचा कंठ दाटून आला.

जोन्सने २०१८ मध्ये डेटोनाची उन्हाळी शर्यत आणि २०१९ मध्ये डार्लिंग्टनची सदर्न ५०० जिंकली, तरीही ऑगस्ट २०२० मध्ये त्याला निरोप मिळाला. टोयोटाचाच दुसरा होतकरू चालक क्रिस्टोफर बेल ज्या छोट्या संघात होता, तो संघ विकला गेला आणि बेलसाठी जागा हवी होती. जोन्स चोवीस वर्षांचा होता, बेल पंचवीस वर्षांचा. म्हणजे या खेपेला तर वयाचे कारण पुढे करण्याचीही सोय नव्हती. ओक्लाहोमाच्या मातीच्या ट्रॅकवर घडलेल्या बेलने २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी विजेतेपदाच्या अंतिम चौघांत स्थान मिळवले, त्यामुळे हा निर्णय चुकला असेही म्हणता येत नाही.

जोन्स जुन्या पिढीतील दिग्गज चालक रिचर्ड पेटी यांच्या प्रसिद्ध ४३ क्रमांकाच्या गाडीत गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये डार्लिंग्टनच्या सदर्न ५०० मध्ये शेवटच्या टप्प्यात गिब्ज संघाच्या काइल बुशचे इंजिन बंद पडले, आघाडी जोन्सकडे आली आणि त्याच संघाच्या डेनी हॅमलिनला अखेरपर्यंत मागे ठेवून त्याने ४३ या आकड्याला दोनशेवा विजय मिळवून दिला. बुशच्या गाडीवरचा प्रायोजक त्या वर्षाअखेर जाणार होता. हंगाम संपल्यावर बुशही गेला आणि त्याच्या जागी जो गिब्ज यांचा वीस वर्षांचा नातू टाय आला.