अस्वल बाहेर आलंय, जागं व्हायचंय

(दृश्य: बिळाचं तोंड, कडेला वितळता बर्फ)

बघत राहा. आधी नुसतं नाक दिसेल.

आलं! काळंभोर, ओलसर. दोनदा हवा हुंगली आणि गेलं आत.

हे ईली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं, कॅनडाच्या सीमेजवळचं छोटं गाव. इथल्या नॉर्थ अमेरिकन बेअर सेंटरमध्ये २००७ पासून लोक काळी अस्वलं जवळून बघायला, समजून घ्यायला येतात. आता एप्रिल लागलाय. दुपारी छपरावरून पाणी ठिबकतं, रात्री त्याच्याच कांड्या होतात. तळं अजून गोठलेलंच.

थंडीभर या अस्वलानं ना काही खाल्लं, ना पाण्याचा थेंब घेतला. लघवीसुद्धा नाही! माणूस असा राहिला तर अंगात विष साठून मरेल. अस्वलाचं शरीर मात्र ते विष, म्हणजे लघवीतून जाणारा युरिया, मोडतं आणि त्यातल्या नायट्रोजनपासून पुन्हा प्रथिनं बनवतं. म्हणून चरबी झडते, स्नायू बऱ्यापैकी शाबूत राहतात.

(दृश्य: अस्वल बाहेर, बर्फात बसलेलं)

बाहेर आलं म्हणजे जागं झालं, असं आपण धरून चालतो. पण अलास्कातल्या काळ्या अस्वलांवर झालेला, २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळंच सांगतो. शीतनिद्रेत हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ वर उतरतात. आणि बिळाबाहेर पडल्यावरही दोन-तीन आठवडे शरीराचा कारभार मंदच चालतो. पुढ्यात खाणं आलं तरी हुंगून तोंड फिरवायचं, असे हे दिवस. डोळे उघडे, भूक झोपलेली.

तोवर जंगल चालवतात ती छोटी मंडळी.

(दृश्य: मेपलच्या फांदीवर तांबडी खार)

ही खार सालीला बारीकसा चावा घेते आणि चक्क निघून जाते. वेडगळपणा वाटतो, नाही? त्या चाव्यातून रस झिरपतो, ऊन-वाऱ्यानं त्यातलं पाणी उडतं, आणि खार परत येते ती सालीवर उरलेला गोड थर चाटायला. ताज्या रसात साखर असते जेमतेम दोन-तीन टक्के. तेवढ्यासाठी इतकं पाणी कोण पिणार!

चिपमंकही, म्हणजे खारीचा छोटा पट्टेरी भाऊबंद, वर आलाय, गाल फुगवून. झोपला तोही होता, पण मधून मधून उठून कोठारातलं खात.

फसतो तो स्नोशू ससा. त्याची फर पांढऱ्याची तपकिरी होते ती दिवसाच्या लांबीवर. बर्फ किती उरलाय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. बर्फ लवकर गेला की तपकिरी पाचोळ्यावर पांढराशुभ्र ससा बसलेला, तोही आपण लपलोय अशा थाटात. घुबडाला आणखी काय हवं?

(दृश्य: संध्याकाळ, काही दिवसांनंतर. तळ्याकाठचं मोकळं पाणी)

ऐका. बदकं ओरडताहेत ना?

बदक एकही नाही. हे वुड फ्रॉग, अंगठ्याएवढे बेडूक. थंडीत पाचोळ्याखाली खड्यासारखे गोठले होते, हृदयसुद्धा थांबलेलं. यकृतानं सोडलेल्या साखरेनं पेशी वाचवल्या. वितळले, आणि लगेच लग्नाची घाई.

त्या कलकलाटानं अस्वलाचे कान हलले. मान वळली. चार वेळा बर्फ चाटला, एक लांबलचक जांभई दिली…

आणि गेलं आत.